सोळा मोडेम आणि जालन्याचं इंटरनेट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरवाली, एआयवर काहीतरी बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे यांना रोज मोबाइलवर भेटतात. त्यापेक्षा मी माझं पहिलं काम सांगते, कारण ते पुण्यात नाही, इथं जालन्यातच केलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना एवढंच माहीत आहे की मी इंजिनिअरिंग झाल्यावर दीड वर्ष "कुठंतरी नेटच्या दुकानात" होते. त्या दुकानात नेमकं काय चालायचं, ते आज सांगते. तिसऱ्या रांगेत एक जण आत्ताच हसायला लागला आहे. त्यानं तिथं महिन्याचं पॅक घेतलं होतं.

आपण दहावी झालो त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमनं आपल्या देशात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास. आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, आपण अकरावीच्या धावपळीत होतो. पुढं औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, नेट आलं तरी जालन्यातून ते लावायचं तर एसटीडी फोन करावा लागायचा. नेटचे पैसे वेगळे, फोनचे वेगळे. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर उतरायचा म्हणून ज्या दोन-चार घरांत नेट होतं ती घरं अकरानंतर जागी व्हायची.

नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारनं हे क्षेत्र खाजगी लोकांना खुलं केलं. परवाने तीन वर्गांचे. ए म्हणजे सगळा देश, बी म्हणजे एक टेलिकॉम सर्कल, आणि सी म्हणजे टेलिफोनवाल्यांच्या भाषेत एक एसएसए, साधारण एक जिल्हा. ए वर्गाला दोन कोटींची बँक गॅरंटी होती, सी वर्गाला तीन लाखांची. तीन लाख हा आकडा वाचून देशभर बऱ्याच छोट्या गावांतल्या माणसांच्या मनात एकच विचार आला असणार. आपल्या वर्गातल्या एकीच्या काकांच्याही मनात आला. (ती आज आली आहे, पण "माझं नाव घेऊ नकोस" असं तिनं चहाच्या वेळीच बजावलं आहे.) काकांचा एसटीडी बूथ होता, मागच्या खोलीत टायपिंग आणि कॉम्प्युटरचे क्लास चालायचे. त्यांनी दोन भागीदार घेतले, बँकेत गॅरंटी ठेवली आणि परवाना आणला.

परवाना आला, पण त्या कागदाला फोन लागत नाही. आता सामान पाहिजे होतं.

डायल-अप म्हणजे काय ते आपल्या मुलांना कळणार नाही, तुम्हाला एका वाक्यात सांगते. ग्राहकाचा मोडेम आपल्या फोनवरून आमच्याकडच्या नंबरला फोन लावतो, आमच्याकडचा एक मोडेम तो उचलतो, दोघं कर्कश आवाजात एकमेकांशी बोलून वेग ठरवतात, आणि मग आमचा सर्व्हर त्याला पुढं इंटरनेटवर सोडतो. म्हणजे एका वेळी जितके ग्राहक, तितक्या फोन लाइनी आणि तितके मोडेम. आमच्याकडं सोळा होते. सोळा मोडेम, दोन सर्व्हर, आणि बाहेर जायला ६४ केबीपीएसची एक लीज लाइन. सोळा जणांचे ३३.६ धरले तर ५३७ केबीपीएस होतात. ते सगळं ६४ मधून कसं जाणार? तर सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत या भरवशावर, आणि एकानं उघडलेलं पान दुसऱ्याला आमच्याच डिस्कवरून देणाऱ्या स्क्विड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरच्या जोरावर.

मी जून २००१ मध्ये बी. ई. झाले. त्या वर्षी सॉफ्टवेअर कंपन्यांनी कॅम्पसकडं पाठ फिरवली होती. माझ्या वर्गातल्या मुलांची हातात आलेली ऑफर लेटरंसुद्धा पुढं ढकलली गेली. घरी माझ्या लग्नाचा विषय निघायला लागला होता. काका बाबांना म्हणाले, "पोरगी घरी बसण्यापेक्षा माझ्याकडं येऊ दे, लिनक्स येतं तिला." बाबांनी अट घातली, रात्री नऊच्या आत घरी. नेटचा धंदा रात्री नऊला सुरू होतो हे बाबांना माहीत नव्हतं.

लिनक्स मला येत होतं ते पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणाऱ्या सीडीमुळं. त्या सीडीत हार्डवेअरची एक यादी असायची, कुठलं कार्ड लिनक्सवर चालतं, कुठलं चालत नाही. ती यादी मी डॉट मॅट्रिक्सवर छापून घेतली होती. कागद न फाडता घडी घालून ठेवलेला तो गठ्ठा दीड वर्ष माझ्या पिशवीत होता. सामान शोधायला निघताना तोच आमचा नकाशा होता. कारण तेव्हा दुकानात कुठल्याही वस्तूबद्दल विचारा, उत्तर एकच असायचं: "चालेल की."

पहिली अडचण मोडेमची. बाजारात स्वस्त मोडेम भरपूर होते, पीसीआय स्लॉटमध्ये बसणारे. पण ते अर्धेच मोडेम होते. खऱ्या मोडेममध्ये स्वतःचा प्रोसेसर असतो. या स्वस्तातल्या मोडेममध्ये तो काढून टाकलेला, आणि त्याचं काम कॉम्प्युटरनं करायचं, तेही फक्त विंडोजनं. घरच्या एका पीसीला ते ठीक होतं. आमच्या लिनक्स सर्व्हरला तो मोडेम म्हणजे नुसती हिरवी पट्टी. मी यायच्या आधी काकांना मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं असे सहा दिले होते, "सर्व्हर क्वालिटी" म्हणून. काकांनी ते परत नेले नाहीत, क्लासच्या मशीनमध्ये बसवले. भांडायला मुंबईला जायचं भाडं त्या मोडेमइतकंच होतं.

म्हणून बाहेरचे, म्हणजे सिरीयल वायरीवर चालणारे मोडेम घ्यायचं ठरलं. आता साध्या पीसीला सिरीयल पोर्ट दोनच. सोळा कुठून आणायचे? त्यासाठी मल्टीपोर्ट कार्ड लागतं. सायक्लेड्स नावाच्या कंपनीची आठ पोर्टची कार्डं लिनक्समध्ये आधीपासून ओळखली जायची, त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच होता आणि माझ्या गठ्ठ्यातही त्यांचं नाव होतं. नवीन कार्ड परवडणारं नव्हतं. काका आणि मी देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला दिवसभर फिरलो, आणि जुनी दोन मिळाली. पण ती आयएसए कार्डं होती. आयएसए म्हणजे मदरबोर्डवरचा तो जुना लांब काळा स्लॉट. त्या सुमारास येणाऱ्या नव्या मदरबोर्डांवरून तो स्लॉट गायब होत चालला होता. दुकानदार अभिमानानं इंटेल ८१० चिपसेटचा ताजा बोर्ड दाखवायचा आणि मी विचारायचे, "याच्या आधीचा आहे का?" तो माझ्याकडं असा बघायचा की जणू मी साडीच्या दुकानात फाटकी साडी मागितली. आम्हाला ४४०बीएक्सचा बोर्ड पाहिजे होता, त्यावर जुने-नवे दोन्ही स्लॉट असायचे. तो शेवटी मुंबईत नाही, औरंगाबादला एका बंद पडलेल्या क्लासच्या भंगारात मिळाला. त्याच बोर्डात २५६ एमबीची रॅम लावली तर १२८ च दिसायची. रॅम खराब नव्हती, तिच्यावरच्या चिप्स नव्या, जास्त दाट होत्या आणि जुन्या बोर्डाला त्या अर्ध्याच मोजता येत होत्या. सोळा चिप्सची जुन्या घडणीची रॅम लावली की पूर्ण दिसायची. ती महाग पडली. जुनं शोधायला नव्यापेक्षा जास्त पैसे लागतात, हे मला तिथं कळलं.

आता त्या वायरीची गोष्ट. हे जरा लांबेल, पण यात लोकांचे पैसे अडकले होते.

मल्टीपोर्ट कार्डाच्या मागं एक जाड वायर निघते आणि तिच्या आठ शेपट्या होतात. तिला ऑक्टोपस म्हणायचे. जुन्या कार्डांसोबत मूळ वायर नव्हती, व्यापाऱ्यानं कुठंतरी बनवून घेतलेली दिली. मोडेम लागले, फोन उचलले जायला लागले, आम्ही पेढे वाटले. महिन्याभरानं एक गुरुजी आले. आपल्या शाळेचे नव्हेत, झेडपीचे. त्यांनी तासांचं पॅक घेतलं होतं. म्हणाले, "मी रात्री दहाला बंद करून झोपतो. तुमच्या हिशेबात मी पहाटे चारपर्यंत नेटवर आहे." चिडले नव्हते. वहीत रोजची वेळ लिहून आणली होती. वही बघितली आणि आमचा लॉग बघितला. गुरुजींचं बरोबर होतं.

झालं असं होतं. फोन कटला की मोडेम एका ठराविक तारेवरून सर्व्हरला सांगतो, समोरचा गेला. कॅरिअर डिटेक्ट म्हणतात तिला. त्या बनवलेल्या वायरीत आठ तारांपैकी तीनच जोडलेल्या होत्या. पाठवायची, घ्यायची, आणि ग्राउंड. बाकीच्या पाच टोकाला कापून सोडून दिल्या होत्या. त्या तीन तारांवर बोलणं चालायचं, पण निरोप घेणं चालायचं नाही. गुरुजी झोपून गेले तरी सर्व्हरला वाटायचं, आहेत अजून. दुसऱ्या कुणाचा फोन त्या मोडेमवर येईपर्यंत त्यांचे तास जळत राहायचे.

आम्ही टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका मित्राकडं गेलो. आठ शेपट्या, प्रत्येकीत पाच तारा, एका वायरीचे चाळीस डाग, अशा दोन वायरी. दोन रात्री लागल्या. बाबांची नऊची अट त्या दोन रात्री आईनं सांभाळून घेतली. पुढं सर्व्हरनं दर थोड्या वेळानं समोरच्याला "आहेस का" असं विचारायची सोय सॉफ्टवेअरमध्येही केली, म्हणजे तार तुटली तरी हिशेब चुकू नये. पण त्याआधी काकांनी एक काम मला सांगितलं. सगळ्या ग्राहकांचे मागचे लॉग काढायचे, रात्री उशिरा कुणाचं कनेक्शन काहीही न ओढता नुसतं चालू दिसतंय ते शोधायचं, आणि ते सगळे तास परत त्यांच्या खात्यात घालायचे. तक्रार फक्त गुरुजींनी केली होती. बाकीच्यांना कळलंही नसतं. मला त्याला आठवडा लागला आणि त्या महिन्यात नवं पॅक घ्यायला जवळजवळ कुणी आलंच नाही, सगळ्यांचे तास शिल्लक होते.

सोळा मोडेम एकाच जातीचे का हवेत, हाही प्रश्न तेव्हा मला पडला होता. लॅमिंग्टन रोडला एकसारखे नऊच मिळाले, सात दुसऱ्या बनावटीचे. मी म्हटलं, चालतील, सगळे एकच भाषा बोलतात. पण फोनच्या लाइनी हंटिंगमध्ये असतात. म्हणजे नंबर एकच, पहिली लाइन बिझी असेल तर फोन दुसरीवर, मग तिसरीवर. आता समजा तिसऱ्या लाइनीचा मोडेम अडकला, फोन वाजतोय आणि उचलत नाही. एक्स्चेंजला ती लाइन मोकळीच दिसते. मग पहिल्या दोन बिझी असताना येणारा प्रत्येक फोन त्याच तिसऱ्यावर जाऊन वाजत बसतो. पुढचे तेरा मोडेम मोकळे आणि गावभर ओरड, "नेट लागत नाही." एक आजारी मोडेम तेरा धडधाकटांना घेऊन बसतो. त्यामुळं भरवशाचे नऊ आम्ही रांगेत पुढं लावले, बाकीचे मागं. आणि ग्राहकांच्या घरी तर तऱ्हेतऱ्हेचे मोडेम, त्यातले कित्येक ते अर्धेवाले, आणि खेड्याकडच्या लांबलेल्या लाइनी. परतूरच्या एका कापूस व्यापाऱ्याचा मोडेम आमच्या पुढच्या नऊशी कधी जमवूनच घ्यायचा नाही, मागच्या सातांपैकी कुठल्याही एकावर लगेच लागायचा. त्याला आम्ही मागच्या लाइनीचा थेट नंबर देऊन टाकला. का लागायचा ते आजही मला नीट सांगता येणार नाही.

सोळा मोडेम म्हणजे सोळा अडॅप्टर. ते काळे ठोकळे. एक लावला की शेजारचं सॉकेट झाकलं जातं. एक्स्टेन्शन बोर्डांची माळ लावावी लागली, आणि व्होल्टेज कधी १७० तर कधी २५०. उन्हाळ्यात अडॅप्टर जळायला लागले. तसले अडॅप्टर इथं मिळेनात. तेव्हा जुन्या जालन्यातला एक मोटर रिवायंडिंगवाला आला. आपल्या गावात हे लोक पावलोपावली. विहिरींच्या मोटारी, स्टील मिलच्या मोटारी, रोज काही ना काही जळतंच. त्यानं एक अडॅप्टर हातात घेऊन उलटा केला, आतलं वाचलं, ९ व्होल्ट एसी. म्हणाला, "यात काहीच नाही. सोळा कशाला, एकच मोठा गुंडाळून देतो." आणि खरंच एक ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आणला, व्होल्टेज खाली-वर झालं तर बदलायला तीन टॅप, आणि प्रत्येक मोडेमला वेगळा फ्यूज. नऊ मोडेम त्यावर चालायला लागले. सातांचं व्होल्टेज वेगळं होतं, त्यांच्यासाठी दुसरा गुंडाळला. नंतर एकही अडॅप्टर जळला नाही, कारण अडॅप्टरच उरले नव्हते.

मग पावसाळा. आपल्याकडं जूनमध्ये पाऊस यायच्या आधी विजा येतात. फोनच्या तारा खांबांवरून, विजेचा झटका सरळ मोडेममध्ये. पहिल्याच आठवड्यात दोन गेले. एक्स्चेंजमधल्या एका भल्या माणसानं सांगितलं, लाइनीवर जीडी ट्यूब बसवा, झटका आला की ती तो जमिनीत सोडते. बसवल्या. तरी तिसरा गेला. तेव्हा मी शाळेत आले. आपले विज्ञानाचे सर, समोरच बसले आहेत, त्यांना विचारलं. सरांनी एकच प्रश्न केला, "जमिनीत सोडते म्हणतेस, पण तुमची जमीन आहे का?" संध्याकाळी सर शंभराचा बल्ब आणि होल्डर घेऊन आले. फेज आणि अर्थिंग यांच्यात बल्ब लावला. मिणमिणला. अर्थिंगची तार भिंतीतून जाऊन मागच्या अंगणात कोरड्या मातीत एका गजाला बांधलेली होती. मग काकांनी माणूस लावून खड्डा खणला, पट्टी टाकली, मीठ आणि कोळशाचे थर दिले, वर पाइप ठेवला आणि उन्हाळ्यात त्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं ठरलं. पुढच्या आठवड्यात सरांनी परत बल्ब लावला, लख्ख पेटला. सर, तुम्ही त्या दिवशी चहा घेतला नव्हता, तो अजून शिल्लक आहे.

आता २००२ सालचा प्रसंग सांगते. त्यावर आमच्यात खरा वाद झाला.

लोक दुकानात यायचे आणि म्हणायचे, "माझ्या मोडेमच्या खोक्यावर ५६ के लिहिलंय, तुमच्याकडं ३३ च्या वर जात का नाही?" रास्त प्रश्न. १९९८ साली ठरलेल्या व्ही.९० पद्धतीत ५६ मिळतात ते एका अटीवर. आमच्याकडची बाजू एक्स्चेंजला डिजिटल जोडलेली पाहिजे. साध्या फोन लाइनीवर दोन्हीकडं मोडेम असतील तर ३३.६ हीच हद्द, तुम्ही सोन्याचा मोडेम लावा. डिजिटल जोडायचं तर ई१ लाइन घ्यायची, एका वायरीत तीस फोन, आणि तिला एक रिमोट अॅक्सेस सर्व्हर लावायचा. सोळा मोडेम, दोन कार्डं, ऑक्टोपस, ट्रान्सफॉर्मर, सगळं जाऊन एक बॉक्स.

तेव्हा अमेरिकेत गल्लोगल्लीच्या छोट्या नेट कंपन्या बंद पडत होत्या किंवा मोठ्यांच्या पोटात जात होत्या, आणि त्यांचे बॉक्स सेकंडहँड बाजारात येत होते. मुंबईच्या एका दलालाकडं एक होता. किंमत काकांच्या मंठा रोडच्या प्लॉटएवढी. मी सगळी माहिती काढली. बॉक्स अमेरिकन टी१ लाइनीचा होता. टी१ मध्ये चोवीस फोन, आपल्या ई१ मध्ये तीस. आवाजाचे आकडे करायची त्यांची रीत वेगळी, आपली युरोपसारखी. सिग्नलिंग वेगळं, आणि एक्स्चेंज जे देतं तेच बॉक्सला समजलं पाहिजे. वीज ११० व्होल्ट, पण मागं बदलायचा खटका होता. त्याच बॉक्सला ई१ ची कार्डं बसतात हे मी कंपनीच्या कागदपत्रांतून शोधलं. एक्स्चेंजमधल्या साहेबांकडून कुठलं सिग्नलिंग मिळेल ते लिहून घेतलं आणि बॉक्सच्या मॅन्युअलशी ताडून बघितलं. जुळत होतं. मी काकांसमोर कागद ठेवला: हा चालेल. दुकानदाराचं "चालेल" नव्हे, माझं.

काकांनी तो कागद पूर्ण वाचला. मग विचारलं, "पोरी, बंद पडला तर उघडणार कोण?"

मी म्हटलं, मुंबईला पाठवू.

"म्हणजे आठ दिवस तीसही बंद. आज एक मोडेम मेला तर पंधरा चालू राहतात, आणि तो रिवायंडिंगवाला, तो टीव्हीवाला, तू, सर, सगळे इथं आहेत. तू किती दिवस आहेस?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीत माझी मुलाखत झाली होती आणि ते काकांना माहीत होतं.

बॉक्स घेतला नाही. मी आजही म्हणते, माझा हिशेब बरोबर होता. तो बॉक्स चालला असता, ग्राहक टिकले असते, निदान दोन वर्षं. तो २००० साली घेतला असता तर काकाही हो म्हणाले असते, असं मला वाटतं. पण तेव्हा तो परवडणारा नव्हता आणि परवडायला लागला तेव्हा उशीर झाला होता. छोट्या धंद्यात हे फार वेळा होतं. काकांचा हिशेब वेगळ्या गोष्टीचा होता. प्लॉट मुलीच्या शिक्षणासाठी ठेवला होता.

पुण्याला गेल्यावर मी कोल्हापूरकडच्या वारणा प्रकल्पाबद्दल वाचलं. १९९८ साली सरकारनं वारणेच्या सहकारी संस्थांबरोबर सुमारे ७० गावं कॉम्प्युटरनं जोडायचं काम हाती घेतलं होतं. उसाची नोंद, वजन, खताची उधारी शेतकऱ्याला गावातच कळावी म्हणून. आपल्यापेक्षा कितीतरी मोठं काम, मागं साखर कारखाना आणि सरकार दोन्ही. तरी काही वर्षांनी त्या गावांतल्या कॉम्प्युटरांचा उपयोग मुख्यतः उसाच्या हिशेबापुरताच उरला, आणि ती मशीनं सांभाळायचा खर्च डोक्यावर. मग मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत कॉम्प्युटरऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तीच माहिती देऊन बघितली, २००७ च्या सुमारास. तेवढ्यानं काम भागलं. ते वाचताना मला काकांचा प्रश्न आठवला. मोबाइल बंद पडला तर उघडणारा प्रत्येक बाजारगावात बसलेला असतो.

आमच्या दुकानाचं पुढं काय झालं ते थोडक्यात. मी २००२ च्या शेवटी पुण्याला गेले. माझ्या जागी अंबडचा एक मुलगा आला, त्याला मी तो कागदांचा गठ्ठा दिला. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलनं ब्रॉडबँड आणलं. आपल्याकडं पोचायला थोडा वेळ गेला, पण ते आल्यावर सोळा मोडेमना कोण विचारतो. काकांनी शिल्लक पॅकचे पैसे ग्राहकांना परत केले, बँकेची गॅरंटी सोडवून घेतली आणि शटर ओढलं. कर्ज कुणाचं नव्हतं. त्यांची मुलगी डॉक्टर झाली. प्लॉट त्यातच गेला.

सोळांपैकी अकरा मोडेम शेवटपर्यंत चालू होते. त्यातले पुढच्या नऊमधले आठ. मोठा ट्रान्सफॉर्मर रिवायंडिंगवाल्यानं परत नेला, त्यातलं तांबं त्यानं कुणाच्या तरी विहिरीच्या मोटारीत घातलं असेल. मिठाकोळशाचा खड्डा अजून आहे. तिथं आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि काल मी गेले तेव्हा त्या पोरानं सांगितलं की घरमालकानं भाड्यात अट घातली आहे, उन्हाळ्यात रोज एक बादली पाणी.

संयोजकांची चिठ्ठी दुसऱ्यांदा आली आहे, मी थांबते. ज्यांनी तेव्हा आमचं पॅक घेतलं होतं त्यांनी जेवणाच्या वेळी भेटा. कुणाचे तास शिल्लक राहिले असतील तर काका आज इथंच आहेत, मागच्या रांगेत.